पुढचं पुस्तक नको, खोल प्रश्न द्या
चौथीतल्या हुशार मुलीला सहावीचं गणित सुरू करावं का, यावर बहुतेकांनी ‘करा’ म्हटलंय. मला नाही पटत. सहावीत गेल्यावर वर्गात बसून जांभया द्यायच्या का तिने? त्यापेक्षा आहे तोच विषय खोल न्या. २४ सेंमी परिमितीचे, पूर्ण सेंमी बाजूंचे आयत किती? चौरस धरून ६ निघतात, क्षेत्रफळात चौरस जिंकतो. पण का? तो ‘का’ तासभर पुरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अशा मुलांना अभ्यासक्रमापलीकडचं पूरक साहित्य द्यावं असं आहेच. शाळेत नसेल, तर रविवारी नागपुरातलं रमण विज्ञान केंद्र नाहीतर अजब बंगला, म्हणजे तिथलं जुनं वस्तुसंग्रहालय, गाठा. प्रश्न मात्र तिलाच काढू द्या. शिष्यवृत्तीचा क्लास मी यात धरत नाही, तो सराव झाला.