मदत हवी आहे : क्लबला पैसे देणारा भेटलाय, पण त्याला ८० टक्के क्लब हवाय

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत आमचा छोटा फुटबॉल क्लब आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. बोलणी चालू आहेत आणि समोरचा माणूस चांगला आहे, त्याला कमीपणा यायला नको. येत्या रविवारी सभासदांची बैठक आहे, हात वर करून निर्णय व्हायचाय. मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, पण चार लोकांत नीट मांडता येत नाहीये. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

क्लबला २७ वर्षं झाली. आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनी तो काढला. सर आता नाहीत. मैदान पालिकेचं. रविवारी पहाटे साडेपाचला जाऊन आम्हीच फक्की मारतो, आम्हीच गोलला जाळी बांधतो. ती जाळी दिवागावच्या कोळीवाड्यातल्या एका काकांनी मासेमारीच्या दोऱ्याची विणून दिलेली आहे. पावसाळा संपला की कुठेतरी भोक पडलेलं असतं. काका येतात, मांडी घालून बसतात आणि लाकडी सुईने गाठी मारतात. उजव्या वरच्या कोपऱ्यात हातभर निळा दोरा आहे, त्या वर्षी पांढरा संपला होता म्हणून. आमची बारकी पोरं पेनल्टीच्या वेळी "निळ्यात घाल, निळ्यात!" असं ओरडतात.

मुलं ६४. महिना ३०० रुपये फी, ज्याला जमत नाही त्याला कुणी विचारत नाही. स्पर्धांच्या प्रवेश फी, बॉल, प्रवास, कोचचं मानधन धरून वर्षाला साडेचार लाख लागतात आणि दरवर्षी सव्वादोन लाखांच्या आसपास कमी पडतात. ते आम्ही पाच-सहा जण खिशातून घालतो. आता वय झालं, घरचे हप्ते आहेत, दरवर्षी जड जातं.

आणि आता शेठ आलेत. त्यांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. वर्षाला १२ लाख, तीन वर्षं. लायसन्सवाला कोच. घणसोलीला त्यांचा स्वतःचा टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) आहे, तो सरावाला फुकट. अटी अशा : क्लबचा ८० टक्के हिस्सा त्यांचा, क्लबच्या नावाआधी त्यांच्या फर्मचं नाव, पांढऱ्या-निळ्या जर्सीऐवजी नारंगी, आणि सगळ्या खेळाडूंची नोंदणी नव्या कंपनीकडे.

मागच्या वर्षी आमच्या गोलकीपरच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं, तेव्हा ऑपरेशनचे १ लाख ४० हजार याच माणसाने भरले. कुठे फोटो नाही, बॅनर नाही. त्यामुळे विरोध करताना माझी जीभ रेटत नाही.

पण भीती वाटते आणि ती कुठून आलीय ते सांगतो. कॉलेजात असताना आम्ही ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून व्हीटी असं करत कूपरेजला महिंद्रा युनायटेडच्या मॅचेस बघायला जायचो. २००५-०६ ला त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० ला संघ बंद. कंपनी काही बुडाली नव्हती. कंपनीने ठरवलं आणि संघ संपला, इतकंच. पुढच्या वर्षी फगवाड्याचा जेसीटी गेला, ज्याने १९९६-९७ ची पहिलीवहिली राष्ट्रीय लीग जिंकली होती. पुण्यात तर पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स, एफसी पुणे सिटी, असे वरच्या पातळीवरचे चार संघ २००७ ते २०१९ या काळात मांडले गेले आणि मोडलेही गेले. त्यांना बघायला जाणाऱ्याच्या हातात काय होतं? तिकिटाचा अर्धा तुकडा.

आपल्या दारातलं उदाहरण इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचं. पहिले दोन मोसम, २०१४ आणि २०१५, ते नेरूळला डी. वाय. पाटीलवर खेळले. आम्ही पोरांना घेऊन जायचो. मग संघ अंधेरीला गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१ मध्ये शील्ड (साखळीत पहिला आल्याची) आणि चषक दोन्ही आले. पैसा आणि खेळ कळणारी माणसं एकत्र आली की काय होतं ते आपण डोळ्यांनी बघितलं. पुढे लीगचंच भवितव्य अधांतरी झालं, तेव्हा डिसेंबर २०२५ मध्ये तोच ग्रुप बाहेर पडला. क्लब मूळ मालकांकडे परत आला. असा कुणी मागे नसता तर?

मालक वाईटच असतो असं मला म्हणायचं नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न क्लबचं बघा. जॅक वॉकर हा त्याच गावचा पोलादवाला. त्याच्या पैशावर त्या लहानशा गावाचा संघ १९९५ ला इंग्लंडचा विजेता झाला. २००० ला वॉकर गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब आपल्या पुण्याच्या वेंकीजने घेतला. महिन्याभरात सॅम अलार्डाइससारखा मुरलेला मॅनेजर काढला, २०१२ ला संघ सगळ्यात वरच्या लीगमधून खाली घसरला, २०१७ ला तिसऱ्या पायरीवर. पैसे नव्हते म्हणून हे झालं नाही. पैसे त्यांनी वर्षानुवर्षं घातले. माझ्या मते घोटाळा झाला तो निर्णय कोण घेतं यात.

जर्सीबद्दल वाचताना वेल्समधला कार्डिफ क्लब सापडला. टोपणनावच 'ब्लूबर्ड्स'. २०१२ ला मालक विन्सेंट टॅन यांनी निळ्याची लाल जर्सी केली आणि २०१३ ला संघ लाल जर्सीतच प्रीमियर लीगमध्ये चढला. मालकाचं बरोबर ठरलं म्हणायला हवं, नाही का? पण लोकांना निळाच हवा होता आणि जानेवारी २०१५ मध्ये तो परत आला. ऑस्ट्रियात साल्झबुर्गचं आणखी पुढे गेलं. २००५ ला एनर्जी ड्रिंकवाल्या रेड बुलने क्लब घेतला, जांभळा रंग काढला, नाव बदललं. त्यानंतर त्या क्लबने ढीगभर विजेतेपदं मिळवली. पण काही समर्थक उठले आणि जुन्या नावाने, जुन्या जांभळ्या रंगात, सगळ्यात खालच्या लीगपासून पुन्हा खेळायला लागले. मी रात्री दोन वाजता हे वाचत होतो आणि डोळ्यांसमोर आमची निळ्या दोऱ्याची जाळी.

तर विचारायचं हे. शेठचे पैसे घ्यायचे, पण नाव, रंग आणि खेळाडूंची नोंदणी आपल्याकडे ठेवायची, असा करार होऊ शकतो का? तीन वर्षांनी, किंवा दीड वर्षातच, ते थांबले तर क्लब उभा राहील असं कागदावर काय लिहून घ्यावं? आणि आमच्यातलेच जे म्हणतात "अरे, फुकट मिळतंय तर घे", त्यांना काय उत्तर देऊ?

—

ठाणेपूर्व :

ट्रस्टचे कागद करतो, म्हणून लिहितो. क्लबची नोंदणी आहे का, ते आधी तपासा. महाराष्ट्रात बहुतेक मंडळांची दुहेरी असते, १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून. तशी असेल तर तुमच्याकडे शेअर हा प्रकारच नाही. मग ८० टक्के कशाचे देणार? प्रत्यक्षात होईल असं, की शेठ नवी कंपनी काढतील आणि नाव, संघ, खेळाडू, संघटनेचं सदस्यत्व तिकडे हलवायला सांगतील. तुमच्या हातात राहील तो रिकामा न्यास.

सोपा रस्ता असा. नाव आणि बोधचिन्ह संस्थेच्या नावे ट्रेडमार्क करून घ्या, खेळासाठी वर्ग ४१. शेठबरोबर विक्रीचा नाही, प्रायोजकत्वाचा करार करा, मुदत घालून. कार्यकारिणीत त्यांची दोन माणसं घ्यायला हरकत नाही, बहुमत सोडू नका. जर्मनीत नियमच आहे की क्लबच्या कंपनीत मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडे राहायला हवं. पैसे कुणाचेही असोत. आणि कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो, तो दिलाय ना बघा.

—

पेठेतला :

कोल्हापूरहून. आमच्याकडे मालक हा विषयच न्हाई, पेठ हाय. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, सगळी तालीम मंडळं. वर्गणी निघते, कुणी पुढारी पैसे देतो, पुढच्या वर्षी दुसरा देतो. देणारे आले नि गेले, संघ हाय तिथंच हाय. शाहू स्टेडियमवर मॅच असली की माणूस मावत न्हाई.

पण खरं सांगायचं तर आमचंही सगळं बेस्ट न्हाई. पेठेच्या ईर्ष्येपायी भांडणं होतात, आणि एवढं वेड असून देशाच्या लीगमध्ये आमच्या तालमी कुठं दिसत न्हाईत. त्याला पैसा नि शिस्त लागते. तेव्हा शेठला एकदम हाकलू नका. टर्फ मात्र नीट बघा. मैदान एकदा सोडलंसा की परत मिळणार न्हाई.

—

घणसोलीची आई :

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे, अशाच एका क्लबात खेळतो. सगळं वाचलं. तुम्ही जाळीबद्दल एवढं छान लिहिलंत, पण मुलांच्या बुटांबद्दल एक ओळ नाही. माझ्या मुलाचे स्टड झिजून सपाट झालेत, गेल्या आठवड्यात दोनदा घसरून पडला. त्याच्या हातात तीन-चार वर्षं आहेत. नंतर दहावी-बारावी आणि मग संपलंच. तुम्ही २७ वर्षांचा विचार करताय, तो बरोबरच आहे, पण त्याला हाच मोसम आहे. चांगला कोच मिळत असेल तर जर्सी नारंगी असली काय नि हिरवी असली काय, त्याला चालेल. रविवारी पालकांनाही बोलवा. फी आम्ही भरतो, मत मात्र कुणी विचारत नाही.

—

धागाकर्ता :

तिघांचे मनापासून आभार.

ताई, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. बरोबर आहे तुमचं. पालकांना निरोप गेलाय. क्लब सभासदांचा म्हणून मी इतका भांडतोय आणि ज्यांची पोरं खेळतात ते सभासदच नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. प्रत्येक घराला एक मत, हा ठराव पहिला मांडणार आहे.

तुमच्यामुळेच इंग्लंडच्या पोर्ट्समथ क्लबचं पुन्हा वाचलं. २००८ ला एफए कप, मग मालकामागून मालक, कर्ज, आणि २०१३ ला थेट चौथ्या पायरीवर. तेव्हा समर्थकांनी हजार-हजार पौंडांचे शेअर घेऊन क्लब सोडवला. आणि २०१७ ला त्याच समर्थकांनी स्वतः मत देऊन तो अमेरिकेच्या मायकेल आयस्नर यांना विकला, कारण वर चढायला पैसा लागणार हे त्यांना दिसत होतं. २०२४ ला संघ दुसऱ्या पायरीवर परत आला. म्हणजे विकूच नये असं नाही. आपण होऊन, विचारपूस करून विकलं, यात फरक आहे.

ठाणेपूर्व, कपाटातून फाईल काढली. दोन्ही नोंदण्या आहेत. पण शेवटचा बदल अहवाल सर असतानाचा. कागदावर आमचे अध्यक्ष अजून सरच आहेत. खाली त्यांची सही, ती 'र' ची लांब शेपटी. म्हणजे आज शेठबरोबर सही करायला कायद्याने आमच्याकडे माणूसच नाही. हे आधी निस्तरतो. तुमचा संपर्क व्यनित (खाजगी निरोपात) द्याल का?

काल संध्याकाळी शेठना भेटून हे सगळं समोरासमोर सांगितलं. आधी जरा लागलं त्यांना, "माझ्यावर भरोसा नाही का?" म्हणाले. मी म्हटलं, शेठ, तुमच्यावर आहे, पण उद्या धंदा तुमच्या मुलाकडे जाईल, त्याला फुटबॉल आवडेलच असं नाही. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, नारंगी सोडतो, छातीवर फर्मचं नाव चालेल, आठवड्यातून दोन दिवस सराव टर्फवर आणि रविवार मैदानावर. नोंदणीचं मात्र अजून अडलंय. त्यांचं म्हणणं, "मी पोरगा घडवणार आणि तो मोठ्या क्लबात गेला तर मला काय?" हा प्रश्न वाजवी आहे. खेळाडूची पुढे पैसे मोजून परदेशी क्लबात बदली झाली तर वयाच्या १२ ते २३ मध्ये ज्या क्लबांनी घडवला त्यांना फिफाच्या नियमाने वाटा मिळतो. तो संस्थेकडे यावा आणि त्यातला ठरावीक भाग, त्यांची रक्कम फिटेपर्यंत, त्यांना द्यावा, असं मी सुचवलंय. हे करारात कसं लिहायचं, कुणी सांगेल का?

आणखी एक अट घालणार आहे : थांबायचं असेल तर एक पूर्ण मोसम आधी कळवायचं, आणि पहिल्याच वर्षी साडेचार लाख, म्हणजे आमचा एका वर्षाचा खर्च, संस्थेच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. जास्त होतंय का? कुणाकडे अशा प्रायोजक कराराचा मराठी मसुदा असेल तर कृपया शनिवारपर्यंत पाठवा. बैठक मैदानावरच आहे, सराव संपल्यावर, सकाळी १० वाजता. जवळपासच्या कुणाला यायचं असेल तर जरूर या, बसायला सतरंजी टाकतोय.