औषधाच्या पॅचखाली उठणारा लाल चट्टा: पॅच बंद करावा का?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. माझी आई ७८ वर्षांची असून तिला अल्झायमर आहे. रिव्हास्टिग्मिनच्या कॅप्सूलने तिला सतत मळमळ व उलट्या होत असल्यामुळे डॉक्टरांनी दीड वर्षापूर्वी पॅच सुरू केला. सुरुवात ४.६ ने झाली आणि सध्या २४ तासांना ९.५ मिलिग्रॅमचा पॅच आहे. हिवाळाभर काहीही तक्रार नव्हती. उन्हाळा लागल्यापासून मात्र पॅच काढला की खाली रुपयाच्या नाण्याहून मोठा, लाल, गोल चट्टा दिसतो. आईला नीट सांगता येत नाही, परंतु ती स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ घासत उभी राहते, त्यावरून खाज किती असेल ते कळते. मागच्या आठवड्यात तर पॅच पाठीवर नव्हताच. शोधाशोध केल्यावर तो उशीच्या अभ्र्याला आतून चिकटलेला सापडला.

आम्ही आंघोळीनंतर जागा स्पिरिटने पुसतो, पॅच लावतो आणि घामाने निघू नये म्हणून वरून टेपच्या दोन पट्ट्या मारतो. आज डावा खांदा, उद्या उजवा, असा क्रम असतो. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून चट्ट्यांवर हळद आणि खोबरेल तेलही लावून पाहिले. शेवटी त्वचेला विश्रांती मिळावी म्हणून गेले पाच दिवस पॅच लावलेलाच नाही. चट्टे आता फिकट झाले आहेत, म्हणून उद्यापासून पुन्हा ९.५ चा पॅच सुरू करण्याचा विचार आहे. ही ॲलर्जी असावी का? आणि असल्यास कॅप्सूलवर परत जावे का?

उत्तर १ (निवृत्त औषधनिर्माता)

ताई, चट्ट्याचे नंतर पाहू. उद्या ९.५ चा पॅच लावू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. या औषधात तीन दिवसांहून अधिक खंड पडला तर पुन्हा सर्वांत कमी, म्हणजे ४.६ च्या मात्रेपासून सुरुवात करावी लागते, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि एकदम मोठी मात्रा गेल्यास तीव्र उलट्या होऊ शकतात. ७८ वर्षांच्या व्यक्तीला नागपूरच्या उन्हाळ्यात उलट्या झाल्या तर अंगातील पाणी किती झपाट्याने कमी होते, हे मी वेगळे सांगायला नको.

आता चट्टा. पॅचखाली त्वचा लाल होण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात आणि त्यांचा निवाडा बराचसा चट्ट्याच्या कडेवर होतो. नुसती जळजळ असेल तर लाली पॅचच्या आकाराबाहेर जात नाही आणि पॅच काढल्यावर साधारण ४८ तासांत ओसरते. ॲलर्जी असेल तर लाली कड ओलांडून पसरते, बारीक पुटकुळ्या किंवा पाण्याचे फोड येतात, सूज असते आणि ४८ तास उलटले तरी उतार पडत नाही. पहिल्या प्रकारात काळजी घेऊन पॅच चालू ठेवता येतो. दुसऱ्या प्रकाराची शंका आली तर मात्र तो थांबवून डॉक्टरांना दाखवावे लागते, आणि अशा वेळी परस्पर कॅप्सूलवर जाणेही योग्य नव्हे. कारण शरीराने त्या औषधाशीच वैर धरले असेल, तर तेच औषध पोटातून गेल्यावर अंगभर पुरळ उठू शकते. म्हणून आधी ॲलर्जीची तपासणी, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅप्सूल, असा क्रम असतो. आपल्याकडील चट्ट्यांच्या कडा कशा होत्या आणि ते किती तासांत गेले, एवढे कृपया कळवावे.

जळजळीचे कारण नेहमी औषधच असते असे नाही. पॅचने झाकलेल्या जागेतून घाम बाहेर पडत नाही, त्वचा ओलसर राहून फुगते आणि तिची राखण कमजोर होते. चिकटद्रव्याचा त्रास वेगळाच. शिवाय रोज पॅच ओढून काढताना वरच्या थरातील पेशीही त्याच्याबरोबर निघतात. त्या थराची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्शाएवढी असते आणि उतारवयात तो आणखी नाजूक होतो. त्यावर आपण स्पिरिट चोळता. त्याने त्वचा कोरडी पडते, म्हणून ते आजच बंद करावे. साधे पाणी पुरेसे आहे, मात्र जागा पूर्ण कोरडी झाल्याखेरीज पॅच लावू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन खांद्यांची आलटापालट पुरत नाही. या पॅचसाठी तीच जागा १४ दिवस पुन्हा वापरू नये, असा नियम आहे. पाठीचा वरचा व खालचा भाग, दोन्ही दंड आणि छाती मिळून तेवढ्या जागा सहज निघतात. आपल्या क्रमात प्रत्येक खांद्याला जेमतेम एका दिवसाची उसंत मिळत होती.

उत्तर २ (मानेवाडा)

माझ्या वडिलांना कंबरदुखीसाठी ब्युप्रेनॉर्फिनचा सात दिवसांचा पॅच होता आणि त्याला तर तीच जागा पुन्हा वापरण्यापूर्वी किमान तीन आठवडे सोडावे लागत. ४५ अंशांत सात दिवस एक पॅच टिकवणे काय असते, ते आम्ही भोगले आहे. आमच्याकडे आंघोळीनंतर लगेच पॅच लावायची घाई नडत होती. अंग पुसले तरी दहा मिनिटांत पुन्हा घाम सुटतो. मग आम्ही वडिलांना कूलरसमोर अर्धा तास बसवून, पाठ पूर्ण सुकल्यावर पॅच लावू लागलो आणि तळहाताने तो ३० सेकंद दाबून धरू लागलो. कडा उचलणे बंद झाले, टेपची गरजच उरली नाही. एक सांगणे आहे. पॅचवर ऊन किंवा गरम पाण्याची पिशवी येऊ देऊ नका. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जाते.

उत्तर ३ (परिचारिका, त्वचारोग विभागातील अनुभव)

हळदीचे नाव काढले की माझी आजी आठवते, परंतु पॅचने चिडलेल्या त्वचेवर हळद नको. खोबरेल तेलाचा उपयोग आहे, पण वेगळा: पॅच काढल्यावर कडेने जो चिकट काळपट डिंक राहतो, तो नखाने खरवडण्याऐवजी तेलाच्या बोळ्याने हळूच सोडवावा. नव्या पॅचच्या जागेवर मात्र तेल, पावडर, क्रीम यांपैकी काहीही नको, नाहीतर तो टिकणार नाही. लव असल्यास वस्तरा न फिरवता कात्रीने कापावी.

औषधाच्या दुकानातून मिळणारे 'खाजेचे मलम' परस्पर आणू नका. त्यातील पुष्कळ मलमांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र कोंबलेले असते. सौम्य स्टेरॉइडचे मलम लागतेही कधीकधी, पण डॉक्टर सांगतील तेव्हाच, आणि पॅच काढून झालेल्या जागेवर. पॅचच्या खाली कधीही नाही.

उशीच्या अभ्र्यावरून एक सुचवते. पॅच निघाला तर नवा लावावा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी बदलावा. परंतु त्याआधी अंगावर जुना पॅच राहिलेला नाही ना, हे हात फिरवून पाहावे. दोन पॅच एकाच वेळी राहणे हे खाजेहून फार गंभीर आहे. पॅचवर बारीक बॉलपेनने वार लिहून ठेवला तर गोंधळ होत नाही. काढलेला पॅच चिकट बाजू आत करून दुमडावा आणि लगेच साबणाने हात धुवावेत. तोच हात डोळ्याला लागता कामा नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर (बारा दिवसांनी)

सर्वांची आभारी आहे. त्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांनी ४.६ पासूनच सुरू करायला सांगितले आणि किमान चार आठवडे मात्रा वाढवायची नाही, असेही बजावले.

चट्टे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फिकट होत होते. परंतु डाव्या खांद्यावर लाली कडेबाहेर गेली होती व तिथे बारीक पुटकुळ्याही होत्या, त्यामुळे औषधाचीच ॲलर्जी असावी असे धरून मी घाबरले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिले आणि मला जवळ बोलावून दाखवले: बाहेरची लाली गोल पसरलेली नव्हती, तिच्या दोन सरळ समांतर रेघा होत्या. अगदी टेपच्या पट्ट्यांएवढ्या! टेप बंद झाला, पुटकुळ्या सुकल्या, आणि पॅचखाली आता फिकट गुलाबी खूण दिसते ती दुसऱ्या दिवशी जाते. पुन्हा पसरल्यास पॅच काढून लगेच दाखवायला सांगितले आहे.

माझ्या मुलाने कागदावर आजीची पाठ, दंड आणि छाती काढून त्यावर १ ते १४ आकडे घातले आहेत. तो कागद फ्रीजवर असतो आणि रोज एकेक आकडा खोडला जातो. आज ११ नंबर झाला. आई काल पुन्हा चौकटीला पाठ घासत होती. मी धावत जाऊन पाहिले, तर ती जागा १३ नंबरची निघाली, जिथे अजून पॅच लागलेलाच नाही.

उत्तर ३ कडून

१३ नंबरवर घामोळे आहे का, ते उजेडात पाहा. असल्यास ती जागा वगळून १४ वर जा, आणि १३ बरी झाल्यावरच तिची पाळी लावा.