थर्मोस्टॅट काढून टाकला, तरी गाडी घाटात तापते. परत बसवू का? मदत हवी आहे

नमस्कार. गाडी 2011 ची, डिझेल, इंजिन उभं बसवलेलं, पंखा पट्ट्यावर फिरणारा. 1 लाख 60 हजार किलोमीटर झालेत. मी चिपळूणला राहते. आईला दर पंधरा दिवसांनी कराडला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट चढणं आलंच. गाडी मीच चालवते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घाटात गाडी तापली. तेव्हा मेकॅनिकने थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातल्या पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, काढून माझ्या हातात ठेवला. "ताई, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? हा नसला तरी चालतं." मला पटलं. तो अजून घरात डब्यात पडलाय. त्याच्या कडेवर 82 आकडा कोरलेला आहे.

तेव्हापासून गाडीचं वागणं विचित्र झालंय. पाटण ते कराड सपाटीला तापमानाचा काटा पाव भागाच्या वर सरकतच नाही. डिसेंबरात पहाटे हीटर लावला तर कोमट वारा येतो. लिटरला 14 देणारी गाडी 12 वर आलीय. एवढंच असतं तर इंजिन थंड राहतंय म्हणून सोडून दिलं असतं. पण पोफळी सोडून चढ लागला, पुढे ट्रक असला, सेकंड गिअर पडला, की एसी बंद असूनही काटा लाल रेघेला भिडतो. थंडही तीच आणि तापतेही तीच, हे कोडं मला सुटत नाही.

गेल्या गुरुवारी एका वळणावर थांबावं लागलं. पाऊण तास आई मागच्या सीटवर पदराने वारा घेत बसली होती. पुन्हा तिच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून इथे विचारतेय.

मी पाहिलं ते असं. रेडिएटरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी तांबूस, चहासारखं. गंजच असावा, कारण मधल्या काळात कमी झालं की नळाचंच पाणी घातलं गेलंय. रेडिएटर कॅपचं रबर चिरलंय. ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही. थंड गाडी कॅप काढून चालू केली तर बुडबुडे येत नाहीत, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) शाबूत असावं असं वाटतं.

थर्मोस्टॅट परत बसवला तर घाटात जास्त तापेल का? आणि बसवायचाच तर डब्यातला चालेल की नवा घेऊ?

प्रतिसाद

ताई, बसवा, आणि नवाच बसवा. तुमच्या कोड्याचं उत्तर बायपासमध्ये आहे, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनात परत नेणाऱ्या वाटेत.

डब्यातला थर्मोस्टॅट काढून बघा. स्प्रिंगच्या खालच्या टोकाला आणखी एक छोटी चकती आहे का? असेल तर त्याला दोन कामं आहेत. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि पाणी इंजिनातच फिरवतो. 82 अंशांच्या आसपास आतलं मेण वितळून फुगतं, वरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची चकती बायपासचं भोक बुजवते. मग सगळं पाणी रेडिएटरमधून जातं. तुम्ही तो काढलात तेव्हा दोन्ही वाटा कायमच्या उघड्या राहिल्या. सपाटीवर वारा भरपूर, तेव्हा निम्म्या पाण्यावरही भागतं आणि इंजिन गारठतं. घाटात वेग कमी, भार जास्त, आणि गरम पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न शिवता माघारी इंजिनात. तापणारच.

नवा आणला की बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोऱ्याने लटकवून तापवा. बुडाला टेकू देऊ नका. पाणी उकळायच्या आत तो उघडायला लागला पाहिजे. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि चकतीवर हलणारी छोटी पिन असेल तर ती वर, म्हणजे हवा तिथून निघते. जुनं पॅकिंग नीट खरवडून काढा. हाउसिंग, म्हणजे थर्मोस्टॅट बसतो ते घर, अॅल्युमिनियमचं असतं, त्यामुळे बोल्ट आलटून पालटून आणि हलक्या हाताने आवळायचे.

खरं काम मात्र त्या तांबूस पाण्याचं आहे. गाडी पूर्ण थंड असताना पाणी सोडा, साधं पाणी भरून हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, थंड होऊ द्या, परत सोडा. पाणी नितळ येईपर्यंत हे करा आणि शेवटची खेप डिस्टिल्ड पाण्याची घ्या. सगळं पाणी कधीच निघत नाही, ब्लॉकमध्ये उरतं. म्हणून तयार पाणी मिसळलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) न घेता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, घ्या. पुस्तकात एकूण क्षमता 8 लिटर असेल तर आधी 4 लिटर कॉन्सन्ट्रेट ओता, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. कॅप नवीच घ्या, तिच्यावरचा दाबाचा आकडा जुन्याइतकाच हवा. दाब धरला तरच पाणी 100 च्या पुढे न उकळता तग धरतं. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात आणि मरतात.

एवढं करूनही तापली तर पंख्याचा क्लच (गरम झालं की पंखा जोरात फिरवणारा भाग) आणि रेडिएटरच्या जाळीतला चिखल बघा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. छोटी चकती आहे! डब्यातला पातेल्यात टाकून पाहिला, पाणी खळखळ उकळलं तरी तो मिटलेलाच. म्हणजे दोन वर्षांपूर्वी बिघडला होता तो हाच. बदलायचा सोडून काढून टाकला गेला.

रविवारी शेजारच्या दादांना हाताशी घेऊन नवा बसवला. पाणी चार वेळा सोडलं तेव्हा नितळ आलं. चालू गाडीत पंख्यापासून हात लांब ठेवून खालच्या पाइपला बोट लावत राहिले. पंधरा मिनिटं गार, आणि मग एकदम गरम झाला. काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. हीटरचा वारा आता हाताला चांगला चटका देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत दोन बोटं पातळी उतरली होती. हवा निघाली म्हणून असेल ना? भरून खूण केलीय. गुरुवारी घाट आहे, हेळवाकला पोचले की कळवते.