अनुभव धागा: दणके देणारे रोलर कोस्टर आणि त्यांची निवृत्ती

धागाकर्ता
कोस्टरवरून उतरल्यावर लोक मान चोळतात. तो धक्का फक्त मानेला बसलेला नसतो. तोच रुळाच्या जोडाला, वेल्डला आणि चाकाच्या ॲक्सललाही (आसालाही) बसतो, दिवसातून कितीतरी वेळा. म्हणून 'आरामदायी कसा करायचा' आणि 'बंद कधी करायचा' हे एकाच धाग्यात घेतलंय. डिझाइन, देखभाल, चालवणं यातलं ज्याला जे नीट माहीत आहे त्यानं ते लिहावं. 'आम्ही कसे किंचाळलो' हे किस्से कृपया नकोत.

चाकवाला
चाकांपासून सुरू करतो. पोलादी कोस्टरला चाकांचे तीन संच असतात: वरून भार घेणारी, बाजूनं रूळ धरणारी आणि गाडी वर उचलली जाऊ नये म्हणून खालून धरणारी. आवरण नायलॉनचं किंवा पॉलियुरेथेनचं. नायलॉन कडक, गाडी पळते, पण रुळाचा प्रत्येक जोड थेट पाठीपर्यंत पोचतो. पॉलियुरेथेन मऊ असतं, धक्का पितं, मात्र स्वतः तापतं. फार तापलं की हबपासून (चाकाच्या मधल्या धातूच्या भागापासून) सुटायला लागतं: आधी फुगवटा, मग तुकडा उडतो. थंडीत उलट. आवरण आणि ग्रीस दोन्ही आखडतात, गाडी मंदावते आणि दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकू शकते. गार सकाळी रिकाम्या फेऱ्या मारतात त्या यासाठीही.

निदान असं करा. खडखड सगळ्या डब्यांत आणि दर फेरीला त्याच जागी होत असेल तर दोष रुळात. एकाच डब्यात होत असेल आणि वेगाबरोबर तिची लय वाढत असेल तर एखादं चाक सपाट पडलंय. डबा डावी-उजवीकडे आपटत जात असेल तर बाजूच्या चाकांची फट वाढलीय. मात्र ती फट शून्यावर आणायचा मोह टाळा. चाक सतत घासून तापतं आणि रूळ जरा अरुंद असेल तिथे अडतं. मॅन्युअलमधलं माप, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि सगळ्या डब्यांना तोच हिशेब.

मधली रांग
बसणाऱ्यांसाठी थोडक्यात:
जुन्या लाकडी कोस्टरवर तीन रांगांचा डबा असेल तर मधली रांग घ्या. पुढची आणि मागची रांग जवळजवळ ॲक्सलवरच असते. गाडीचा शेवटचा डबा उतारावर खेचला जातो. उडायची मजा तिथे जास्त, दणकेही जास्त. ज्या कोस्टरवर सीट रुळाच्या दोन्ही बाजूंना पंखासारख्या असतात, तिथे बाहेरच्या सीटला थरथर जास्त जाणवते.

खांद्यावरून येणारं हार्नेस (अंग धरून ठेवणारी, उशा लावलेली चौकट) असेल आणि कोस्टर गुळगुळीत असेल तर डोकं मागे घट्ट टेकवा. खडबडीत असेल तर किंचित पुढे झुका, म्हणजे कान दोन उशांच्या मधे येत नाहीत. कानातले आधी काढा. लाकडी कोस्टरवर पाठ सैल, पाय जमिनीला टेकलेले, हात बारवर. लॅप बार (मांडीवर येणारा दांडा) मांडीला लागलेला असावा. बोटभर फटही राहिली तर प्रत्येक टेकडीवर मांडी बारवर आपटते. जोरदार वळणात डोळ्यांपुढे करडं व्हायला लागलं तर पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरा.

स्प्लाइन
+१. पण भूमितीच चुकली असेल तर बसण्याच्या युक्त्या फार पुरत नाहीत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या १८९५ च्या 'फ्लिप फ्लॅप'चा लूप अगदी गोल होता. सरळ रुळावरून गाडी एका क्षणात पूर्ण वक्रतेत शिरायची आणि प्रवाशांच्या माना लचकायच्या. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन पार्कमधल्या 'रेव्होल्यूशन'वर कोस्टर बनवणारे अँटोन श्वार्झकोफ आणि अभियंते वेर्नर श्टेंगेल यांनी थेंबाच्या आकाराचा लूप आणला: खाली त्रिज्या मोठी, वर लहान, वक्रता हळूहळू वाढत जाणारी. शरीर बऱ्यापैकी बल सहन करतं, ते अचानक बदललं की दुखतं.

दुसरी सुधारणा म्हणजे रूळ पिळताना फिरण्याचा अक्ष रुळात न ठेवता प्रवाशाच्या छातीजवळ ठेवणं. ॲरो या जुन्या कोस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या कोस्टरमध्ये हे नव्हतं, म्हणून त्यांच्या कॉर्कस्क्रूत (स्क्रूसारख्या पिळात) डोकं बाजूला फेकलं जाऊन हार्नेसवर आपटतं.

आणि ते हार्नेस! 'रेव्होल्यूशन' मुळात लॅप बारवर चालायचा. पुढे खांद्यावरची हार्नेस बसवली आणि डोकी आपटायला लागली. २०१६ मध्ये नव्या गाड्यांबरोबर लॅप बार परत आले. रूळ तोच, तक्रार गायब. बंद करायच्या यादीत कोस्टर टाकण्याआधी गाडी बदलून पाहावी, ती यासाठी.

पाचर
लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेले फळ्यांचे थर, सहसा आठ, आणि वर पोलादी पट्टी. लाकूड दमटपणानं फुगतं-आक्रसतं, खिळे ढिले होतात, दोन रुळांमधलं अंतर वाढतं. सर्वात आधी बिघडतो तो मोठ्या उताराचा तळ, कारण भार तिथे सर्वाधिक. दुरुस्तीचा क्रम: पट्टी उचला, कुजलेले थर काढा, नवे थर असे बसवा की वरखालचे जोड एकाच जागी येणार नाहीत, रुंदी तपासून तासा, पट्टी परत लावा.

यातली फसगत अशी की तुकडाच बदलला तर नवा कडक रूळ जिथे संपतो आणि जुना मऊ रूळ सुरू होतो तिथे नवा दणका तयार होतो. पुढच्या हंगामात तक्रार वीस फूट पुढे सरकलेली असते. म्हणून बदल सरळ, कमी भाराच्या भागात संपवावा.

हे दरवर्षी करून दमलेली पार्क दुसरा रस्ता धरतात: सांगाडा ठेवायचा, रूळ पोलादी करायचा. 'टेक्सस जायंट'पासून (२०११) हे सुरू झालं. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा 'मीन स्ट्रीक' १९९१ ते २०१६ चालला आणि २०१८ मध्ये 'स्टील व्हेंजन्स' होऊन परत आला. जर्मनीतल्या 'कोलोसोस'नं २०१६ ला बंद पडून २०१९ मध्ये नव्या लाकडी रुळावर पुनरागमन केलं, म्हणजे लाकूड सोडलंच पाहिजे असं नाही.

तडा शोधक
ॲक्सल नुसता बघून पास करू नका. गाड्या पूर्ण उघडायच्या, ग्रीस-रंग साफ करायचा, तडे शोधायला ॲक्सलसाठी चुंबकीय कण चाचणी, ॲल्युमिनियमच्या भागांसाठी रंगद्रव चाचणी (तिथे चुंबक चालत नाही), आतल्या दोषासाठी अल्ट्रासाऊंड. तडा बहुतेक वेळा जाडी बदलते त्या खांद्याशी किंवा आट्यांच्या मुळाशी सुरू होतो. जपानमधल्या एक्स्पोलँड पार्कात मे २००७ मध्ये ॲक्सल धातूच्या थकव्यानं तुटून एक प्रवासी दगावली. कोस्टर पंधरा वर्षांचा होता आणि ॲक्सल बदललेलाच नव्हता.

खांबांकडेही बघा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कच्या 'फ्युरी ३२५'च्या खांबातला तडा एका पाहुण्याच्या नजरेला पडला. खांब बदलून कोस्टर ऑगस्टमध्ये चालू झाला.

धागाकर्ता
मग वय कशात मोजायचं? वर्षांत?

तडा शोधक
तासांत. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या डिझाइन मानकात किमान ३५,००० तासांचा हिशेब धरलेला असतो. दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर ते बाराव्या वर्षी भरतात. १२० दिवसांच्या हंगामी पार्कात एकोणतिसाव्या-तिसाव्या. भरले म्हणजे मोडीत असं नाही. पण तिथून पुढे तपासणीचा खर्च चढत जातो.

नटबोल्ट
निवृत्तीचा निर्णय बऱ्याचदा रुळावरून नाही, कपाटावरून होतो. कंट्रोल पॅनेलमधला पीएलसी (कोस्टर चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) बनणं बंद होतं, त्याचं सॉफ्टवेअर जुन्याच संगणकावर चालतं. कंपनीच बुडाली तर सुटा भाग रेखाचित्रावरून बनवून घ्यावा लागतो. म्हणून कुठे तसाच कोस्टर मोडला जात असेल तर त्याच्या गाड्या सुट्या भागांसाठी उचलतात.

रुळाचा मार्ग लोकप्रिय असेल तर तोच ठेवून सगळा रूळ नवा करतात: ऑरलँडोचा 'हल्क' (१९९९) २०१५-१६ मध्ये, इंग्लंडमधल्या ऑल्टन टॉवर्सचा 'नेमेसिस' (१९९४) २०२२ ते २०२४ मध्ये. काही गाव बदलतात. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स पार्कचा १९७५ चा 'कॉर्कस्क्रू' १९९० पासून अमेरिकेच्याच आयडाहो राज्यात आहे. अमेरिकेतला १३९ मीटर उंच 'किंग्डा का' मात्र २०२४ अखेर बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचा मनोरा स्फोटानं पाडला.

हलवायचा असेल तर प्रत्येक तुकड्यावर क्रमांक रंगवा, स्टिकर पावसात जातात. आधी वीज तोडून कुलूप, मग हवेचा आणि तेलाचा दाब शून्य, मग गाडी चढावर ओढणाऱ्या चेनचा ताण सोडायचा आणि ती विंचनं धरून काढायची. ताणातली चेन कापणं जिवावर बेततं. रुळाचा तुकडा क्रेनच्या पट्ट्यांवर तोलल्याशिवाय फ्लँजचे (दोन तुकडे जोडणाऱ्या कडांचे) शेवटचे बोल्ट काढू नका. ते बोल्ट एकदा ताणलेले असतात, नव्या जागी नवेच घाला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, गॅस कटर लावण्यापूर्वी चाचणी करा. प्रक्रिया केलेलं लाकूड जाळायचं नाही, धूर विषारी असतो.