मदत हवी आहे: दीड महिन्याचं कारवान पिल्लू आणलंय, शेजारीच बेदाण्याचं शेड आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही तासगाव तालुक्यात बागेतच राहतो. मागच्या रविवारी आबांनी (माझे सासरे) जतकडच्या एका ओळखीच्या धनगराकडून कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. दीड महिन्याचं आहे असं त्यांनी सांगितलं. मुलानं नाव ठेवलंय खंड्या. तांबूस अंग, चारही पंजे पांढरे. दूध प्यायला की पोट टम्म फुगतं, पण पाठीवरून हात फिरवला तर हाडं लागतात.

कुत्र्यांचा माझा अनुभव म्हणाल तर एक पिल्लू गमावलंय, एवढाच. गेल्या वर्षी जानेवारीत मोत्या होता, तीन महिन्यांचा. एके सकाळी त्यानं खाणं सोडलं, दुपारपासून उलट्या आणि रात्री रक्ताची हगवण. तो वास अजून नाकातून गेलेला नाही. काहीतरी वावगं खाल्लं असेल, उतरेल, असं म्हणत आम्ही रात्र काढली. डॉक्टरांकडं न्यायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली आणि तिसऱ्या दिवशी तो माझ्या मांडीवर गेला. एकही लस दिलेली नव्हती. पार्व्हो हे त्या रोगाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून या वेळी पहिल्यापासून नीट करायचं आहे. लसी कधी सुरू करायच्या? आबा म्हणतात, "आमच्या दारात पाच कुत्री म्हातारी होऊन मेली, एकालाबी सुई लावली न्हाई." त्यांना दुखवायचं नाही, पण मोत्यासारखं पुन्हा व्हायला नको. मोत्या ज्या परड्यात असायचा तिथंच खंड्याला ठेवलं तर चालेल का? सव्वा वर्ष झालंय. खायला सध्या दूध-भाकरीच देतोय, ते पुरतं का?

आणि सगळ्यात मोठी काळजी शेडची. बेदाण्याचा हंगाम चालू आहे. रॅकवरनं मणी खाली गळतात आणि खंड्या दिवसभर त्याच्या खालीच खेळतो. बेदाणे कुत्र्याला विषारी असतात असं पुतण्या म्हणतो. आमच्याकडं कुणाचा विश्वास बसत नाही.

दात शिवशिवतात म्हणून सारखा चावतो. काल मुलाच्या करंगळीला दात लागला, रक्ताचा ठिपका आला. हळद लावली. ही सवय कशी मोडायची?

प्रतिसाद (मिरजेहून)

ताई, बाकी सगळं नंतर. तुमच्या लेखात शेवटी आलेली गोष्ट सगळ्यात आधी करायची आहे. मुलाला आजच दवाखान्यात न्या. पिल्लू लहान आहे, घरचं आहे, यावर जाऊ नका. लस न झालेल्या लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो आणि तो लाळेतून येतो. आधी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना काही लावू नका. रक्त आलंय म्हणजे लशीबरोबर सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिकारद्रव्यं) लागेल, ते जखमेतच टोचतात. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. डॉक्टर सांगतील तेवढे सगळे डोस पूर्ण करा, मधला एकही चुकवू नका. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका. लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही, म्हणून इतकं कळकळीनं लिहितोय.

जाऊन आलात की लिहा, मग बाकीचं बोलू.

मूळ लेखिका

आत्ताच आलो. तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा हातपाय गार पडले होते. लस आणि सीरम दोन्ही झालं, पुढच्या तारखा कागदावर लिहून दिल्यात. तिथल्या सिस्टरनीही पहिला प्रश्न हाच केला, हळद का लावली? आबा बरोबर आले होते. येताना गाडीत काही बोलले नाहीत.

प्रतिसाद (मिरजेहून)

फार बरं केलंत. आता खंड्याचं.

आधी जंत. फुगलेलं पोट आणि हाताला लागणारी हाडं हे बहुतेक जंतांचंच लक्षण. आईच्या पोटात असतानाच आणि तिच्या दुधातूनही ते पिल्लात येतात. शी नीट बघा, कधी कधी शेवयांसारखे पांढरे दिसतात. औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरांकडं वजन करूनच द्या. तीन महिन्यांचा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. हे जंत मुलांनाही होतात, पिल्लाला हाताळलं की हात धुवायची सवय लावा.

लशी सहा ते आठ आठवड्यांपासून. पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक जीवघेणा रोग) यांची लस दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचा होईपर्यंत. एकच डोस देऊन थांबू नका. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीला काम करू देत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढं दरवर्षी. आबांची पाच कुत्री जगली हे खरं असेल. पण लस नव्हती म्हणून जी पिल्लं गेली ती कोण मोजतो? मोत्या त्यातलाच.

परड्यात अजिबात ठेवू नका. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभर, कधी त्याहून जास्त तग धरतो. सिमेंटची जागा आधी घासून धुवा, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून टाका आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. मातीवर त्याचा उपयोग नाही. शेवटचा डोस होऊन दोन आठवडे होईपर्यंत खंड्याचा मुक्काम ओसरीवरच. पण त्याला कोंडूनही घालू नका. कडेवर घेऊन फिरवा, ट्रॅक्टर, ब्लोअर, माणसं, म्हशी सगळं दाखवा. तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघेल त्याची भीती त्याला सहसा पुढं राहत नाही.

दुधानं हगवण लागू शकते आणि नुसत्या भाकरीनं अंग भरत नाही. उकडलेलं अंडं, बिनहाडाचं चिकन, भात, थोडं दही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. शिजलेलं हाड कधीच नको, त्याचे तुकडे आतडं फाडतात.

प्रतिसाद (पशुवैद्यक, साताऱ्याहून)

बेदाण्याबद्दल पुतण्याचं बरोबर आहे. द्राक्षं आणि बेदाणे दोन्हींनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं थोड्यावर आजारी पडतं, त्यामुळं इतके चालतील असा आकडा सांगता येत नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल कारण असावं असं २०२१ पासून मानलं जातंय. तेच चिंचेतही असतं, म्हणजे आमटी-भातसुद्धा नको. खाल्लेलं दिसलं तर उलटीची वाट बघू नका, पहिल्या दोन तासांत गाडी काढा. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. लघवी कमी होणं ही उशिरा दिसणारी खूण आहे.

शेडला दोन फूट उंचीची जाळी बांधा, पिल्लू मोठं झालं की आणखी उंच. डिपिंगचं (द्राक्षं वाळवण्याआधी बुडवायचं) तेल आणि फवारणीची औषधंही तिथंच असतील, ती कपाटात कुलूप लावून ठेवा.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी आबांनी स्वतः शेडभोवती जाळी ठोकली, मी न सांगता. चिंचेचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. आईंनी त्याच्यासाठी वेगळं पातेलं काढलंय.

उद्या सकाळी खंड्याला मिरजेला नेतोय, वजन, जंताचं औषध आणि पहिली लस. एकच विचारायचं राहिलं, गाडीत उलटी करेल का? उपाशीच न्यावं का?

प्रतिसाद (मिरजेहून)

इतक्या लहान पिल्लाला उपाशी ठेवू नका. निघायच्या दोन तास आधी थोडंसं खायला द्या. खोक्यात जुनी साडी घाला. आणि दवाखान्यात त्याला फरशीवर सोडू नका, तिथं आजारी कुत्री येऊन गेलेली असतात. मांडीवरच ठेवा.