मदत हवी आहे: आमच्या चटणीला शंभर वर्षांची परंपरा नाही, मग सांगायचं काय?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते. आई आणि वहिनी घरी उखळात शेंगा चटणी कुटतात, पॅकिंग आणि विक्री माझ्याकडे. लॉकडाऊनमध्ये भावाचं काम सुटलं तेव्हा सुरू केलं.

गेल्या दिवाळीत एका प्रदर्शनात स्टॉल घेतला. तीन दिवसांचं भाडं ४,००० रुपये, विक्री ६,७०० ची. शेंगदाणे, लसूण, रिक्षा धरून हाती काय उरलं ते विचारू नका. आजूबाजूला बहुतेक बाहेरून माल आणून विकणारे. 'सोलापुरी' म्हणून मांडलेल्या चादरी कुठल्या मागावरच्या होत्या देव जाणे, आणि हे चादरीला जीआय मानांकन (त्याच भागातल्या मालाची अधिकृत ओळख) असलेल्या गावात!

मग एक रील बनवणारा मुलगा गाठला. तो म्हणाला, "शंभर वर्षांची परंपरा, आजीची गुप्त रेसिपी" असं टाकू. आईला हसू आवरेना. म्हणे, "माझ्या सासूला चटणी कधी जमलीच नाही." आगाऊ दिलेले पैसे मात्र बुडाले.

आता आम्ही पाचजणींनी ठरवलंय: महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या अंगणात बसायचं. चटणी, कडक भाकरी, टॉवेलच्या कापडाच्या पिशव्या, मातीचे दागिने, मेंदी. चटणी लोकांसमोरच कुटायची. मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा भुगा होतो, उखळात त्याला तेल सुटतं. हे सांगून पटत नाही, बघितलं की पटतं. शिवाय लसणाचा वास गल्लीभर जातो, ती जाहिरात फुकट.

पण पहिल्या रविवारी माणसं येणार कशी? व्हॉट्सॲपवर टाकलं की नुसते अंगठे येतात. की जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावरच जागा बघावी? आणि खर्च पाचजणींत सारखा वाटायचा की विक्रीप्रमाणे?

प्रतिसाद १
ताई, गड्ड्याच्या नादी लागू नका. लोक तिथं पाळण्यात बसायला आणि भजी-वडे खायला येतात, चटणीचं पाकीट सांभाळत कोण फिरणार? त्यापेक्षा भोगीच्या आधीचा रविवार धरा. भोगीला घरोघरी तीळ लावलेली बाजरीची भाकरी लागते आणि नोकरी करणाऱ्यांना थापायला वेळ नसतो. कडक भाकरी टिकते, आधी करून ठेवता येईल. भाकरी-चटणीची ऑर्डर अगोदर घ्या, पण घरपोच देऊ नका. न्यायला अंगणातच यायला सांगा.

प्रतिसाद २
मी सोलापूरच्या पूर्व भागातला, इथं तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ. बोर्ड तेलुगू आणि कन्नडमध्येही लावा. कानडी घरांत हिला शेंगा हिंडी म्हणतात, ते नाव दिसलं की माणूस थांबतोच. मांडव-खुर्च्यांचा खर्च सारखा वाटा, मालाचा ज्याचा त्याचा. विक्रीवर हिशेब केला की मेंदीवालीचं आणि चटणीवालीचं दुसऱ्याच महिन्यात भांडण. आणि ती सासूची गोष्टच बोर्डावर लिहा की!

धागाकर्ती
भोगीचं डोक्यातच आलं नव्हतं. भाकरीवाल्या मावशींना लगेच विचारलं, पन्नास घरांचं जमेल म्हणाल्या. त्यापुढे नाही, म्हणून ऑर्डर तिथंच थांबवीन. बोर्ड तीन भाषांत करते, तेलुगू मजकूर कुणी तपासून देईल का?

सासूच्या गोष्टीला आई तयार आहे. पण आत्या पलीकडच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांनी वाचलं तर काय करायचं तेही सांगून ठेवा.