शब्दांआधी कळलेलं : देहबोलीचे तुमचे अनुभव

'हाताची घडी म्हणजे मनाची दारं बंद', 'नाकाला हात लावला की खोटं' असली सूत्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. सोबत 'संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना' हा आकडा असतोच. तो आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या प्रयोगांतून. त्यांत फक्त आवड-नावड समोरच्यापर्यंत कशी पोहोचते ते तपासलं होतं. इतर बोलण्याला आकडा लावू नका, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. मला वाटतं, माणूस किंवा त्याची रीत ओळखीची असेल तरच देहबोली कळते. तुम्हाला ती कुठे, कशी कळली? सविस्तर लिहा.

वकील, तालुका कोर्ट
साक्षीदाराच्या आविर्भावाबद्दल न्यायाधीश शेरा नोंदवू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी तरतूदच आहे, आदेश १८, नियम १२. वाटपाच्या एका दाव्यात माझ्या अशिलाची धाकटी भावजय साक्षीला उभी होती. डोक्यावर पदर, नजर फरशीवर, दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरलेला. समोरचे वकील म्हणाले, "बाई नजर चुकवतायत, नोंद व्हावी." साहेबांनी तिलाच विचारलं, "सासरचं कोणी बसलंय का इथे?" मागच्या बाकावर थोरले दीर बसले होते. त्यांच्यापुढे ती घरीसुद्धा मान वर करत नसे. शेरा नोंदवला गेला नाही. बाँड आणि डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाली. छापा-काटा केला तरी ५० येतात! साक्षीदाराची नजर बघून मत बनवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवं.

सिस्टर, बालविभाग
बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं आम्ही 'फ्लॅक' मोजपट्टीवर मोजतो. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकाला ० ते २ गुण. ऑपरेशननंतर बाळ रडत नसलं की नातेवाइकांना हायसं वाटतं. मी आधी पांघरूण बाजूला करून पाय बघते. पाय पोटाशी ओढलेले असतील, कपाळाला आठी असेल, तर ते सोसतंय. आईच्या कुशीत जाऊनही पाय सैल पडले नाहीत, तर डॉक्टरांना बोलावते. मोठ्यांच्या वॉर्डातही तेच. आजोबा "बरं आहे हो सिस्टर" म्हणतात आणि मुठीत चादर आवळलेली असते.

मुक्काम सोफिया
बल्गेरियात मान आडवी हलली की 'हो', वर झटकली की 'नाही'. त्यात परदेशी माणूस दिसला की काही जण मुद्दाम आपल्या पद्धतीने हलवतात, मग गोंधळ दुप्पट. दुकानात मी मानेकडे बघतच नाही, 'दा' की 'ने' तेवढं ऐकतो.

कर्णबधिर आईवडिलांची मुलगी
आमच्या घरी पाहुणे म्हणायचे, "किती चेहरे करता तुम्ही!" अहो, ते व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत 'तू जेवलीस' आणि 'तू जेवलीस?' यांतल्या हातांच्या खुणा त्याच, भुवया वर गेल्या की प्रश्न. 'काय', 'कुठे' यांची खूण वाक्याच्या शेवटी येते, तिच्याबरोबरही चेहरा बदलतो. आई रागावली की डोळे मिटून घ्यायची. मग आमचं कोणाचंच म्हणणं तिच्यापर्यंत पोहोचायचं नाही, आणि तिला ते पक्कं ठाऊक असायचं.

शेतकरी
आमच्याकडं बैलबाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा, अजूनही काही ठिकाणी होतो. दलाल नि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. वर तोंडावर काही उमटू द्यायचं नाही, कारण भोवतीची माणसं तोंडाकडंच बघत असतात. आमचे काका मात्र विकणाऱ्याचा दुसरा हात बघतात, कासऱ्यावरचा. भाव पटत आला की त्या हातातला कासरा सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः बैल विकायला उभे राहिले की ते कासरा माझ्या हातात देतात.